बेल झाली की कप उचलायचा

सुरुवातीलाच स्पष्ट करते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. या ग्रुपवर मी आहे ती भाचीने न विचारता ॲड केलं म्हणून. इथले अनुभव मी वाचते, नाही असं नाही... पण पांढरी साडी, अमावस्या आणि पिंपळ हे तिघं एकाच परिच्छेदात भेटले की पुढे वाचत नाही.

माझी सगळी नोकरी एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून झाली. मुद्रितशोधक म्हणजे छापण्याआधी मजकूर वाचून त्यातल्या चुका लाल पेनाने दाखवणारी, आणि त्यामुळे कोणालाच न आवडणारी बाई. राशिभविष्याची प्रुफंसुद्धा मीच वाचायचे. एका आठवड्यात ज्योतिषीबुवांचा मजकूर वेळेवर आला नाही, तेव्हा पुरवणीवाल्यांनी जुनंच भविष्य राशी पुढेमागे करून छापून टाकलं. एकाही वाचकाची तक्रार आली नाही. उलट एका बाईंनी फोन करून सांगितलं, या वेळचं अगदी तंतोतंत जुळलं! इतकं जवळून पाहिल्यावर माणूस श्रद्धाळू कसा राहणार?

मग आज मीच का लिहायला बसले? तर जे झालं ते एकटीने अनुभवलं असतं तर कान तपासून घेतले असते आणि गप्प बसले असते. पण ते भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, माझ्यासारख्याच पंचवीस-तीस खडूस माणसांच्या देखत झालं. आणि त्यात माझा मुलगा मरता मरता वाचला.

पेपरचं नाव सांगणार नाही. तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत, त्यामुळे पुणेकरांनी कॉमेंटमध्ये "ओळखलं बरं का" असं लिहू नये. ओळखलेलं नसणार.

इमारत कुठे, तर शनिवार पेठ संपते आणि नारायण पेठ सुरू होते त्या बाजूला. रिक्षावाल्याला पेठ सांगायची गरज नसे, पेपरचं नाव सांगितलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा (आणि सुट्टे नाहीत म्हणायचा). खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांचे तीन मजले. असं म्हणतात की संस्थापकांनी आधी छपाईचं यंत्र विकत घेतलं आणि मग त्याच्या मापाने भोवती इमारत बांधली. खरं असावं. कारण तळघर एखाद्या मंगल कार्यालयाएवढं प्रशस्त आणि संपादकांची खोली न्हाणीघराएवढी. रस्त्याच्या भिंतीला एक काळा फळा होता. घरोघरी टीव्ही येण्याआधी त्यावर दुपारी खडूने ठळक बातम्या लिहीत. लोक सायकल पायाला टेकवून वाचत, आणि वाचून झालं की आत येऊन अक्षर कसं असायला हवं याबद्दल सूचना करून जात. पानशेतच्या पुरात तळघर पार आढ्यापर्यंत भरलं होतं. यंत्र चिखलातून उपसून, पुसून, तेलपाणी करून पुन्हा चालू केलं. त्या यंत्राच्या जागी पुढे मोठी रोटरी आली. रोटरी म्हणजे कागदाचं अख्खं रीळ गिळून घडी घातलेले अंक बाहेर टाकणारं यंत्र.

रोटरी सुरू करण्याआधी फोरमन बेल दाबायचा. शाळा सुटताना होते तशी, लांबलचक. बेल थांबली की तो ओरडायचा — "हात!" त्याबरोबर यंत्राभोवतीचा प्रत्येक माणूस एक पाऊल मागे घ्यायचा आणि दोन्ही हात डोक्याच्या वर धरायचा. सगळ्यांचे सगळे हात दिसले की मगच बटण. शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच शिकवत, दुसरं काही नाही. कधीकाळी कोणाची तरी बोटं रोलरमध्ये गेली आणि तेव्हापासून ही पद्धत पडली, असं सगळे सांगायचे. कोणाची गेली, ते मात्र कोणालाच सांगता यायचं नाही.

यंत्र सुरू झालं की वरचे तिन्ही मजले थरथरायचे. कप बशीत नाचायला लागायचे. म्हणून आम्हा वरच्या मजल्यावरच्या लोकांची आपली वेगळी पद्धत — बेल झाली की कप उचलायचा. प्रूफ वाचणाऱ्यांनी पेनही उचलायचं, नाहीतर रेघ भलत्याच ओळीवर जाते. नव्या बातमीदाराला हे मुद्दाम सांगत नसू. त्याने शर्टावर चहा सांडून घेतला की तो आमच्यातला झाला! ही सवय अंगात इतकी मुरली आहे की बिबवेवाडीच्या आमच्या फ्लॅटची डोअरबेल वाजली तरी मी आधी समोरचा कप उचलते आणि मग दार उघडते. शेजारच्या बाईंची समजूत आहे की मी दिवसभर चहाच पीत असते.

शरद, माझा नवरा, तळघरातला. मशीन विभागात होता. मी पहिल्या मजल्यावरची. आमचं लग्न ठरलं तेव्हा संपादक म्हणाले होते, "बाई, वर इतकी लेखक मंडळी असताना तुम्ही खाली कशाला उतरलात?" मी म्हटलं, त्यांची प्रुफं मी रोज वाचते.

"हात!"ची पद्धत शरदने घरी आणली. केदार लहान असताना हात धुतलेस का, साबण लावलास का, अशा चौकशा आमच्याकडे नव्हत्या. शरद स्वयंपाकघराच्या दारातून ओरडायचा, "हात!" की केदार ताटावरून उठून एक पाऊल मागे, आणि दोन्ही हात वर. दोन्ही तळवे स्वच्छ दिसल्याशिवाय पानात पोळी पडत नसे. केदार कॉलेजात गेला तरी हे चालू होतं. मित्रांसमोर लाजायचा, "बाबा, प्लीज" म्हणायचा... पण म्हणेपर्यंत हात वर गेलेले असायचे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, पोलिसांनी पकडल्यासारखा काय उभा करता रे पोराला!

शरद चार-पाच वर्षांपूर्वी गेला. हार्ट. त्यानंतर घरात कोणी "हात!" म्हटलं नाही. केदार आता खराडीला एका आयटी कंपनीत आहे, हात स्वतःच धुतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कागदाची अवजड रिळं रस्त्यावरून तळघरात उतरवायला एक पाळणा होता. पाळणा म्हणजे जाड साखळ्यांना टांगलेला लोखंडी चौकोन. वर घेतला की तळमजल्याच्या फरशीशी इतका सपाट बसायचा की माहीत नसलेल्या माणसाला तो फरशीचाच भाग वाटावा. त्या पाळण्याच्या बरोबर खाली, तळघरात, एक भिंत होती. मशीन विभागातला माणूस रिटायर झाला की शेवटच्या दिवशी तो उजवा तळवा छपाईच्या शाईत बुडवायचा आणि त्या भिंतीवर उठवायचा. वरच्या मजल्यावर शाल, श्रीफळ आणि कंटाळवाणी भाषणं... खाली हा एक पंजा. मला विचाराल तर खालचा निरोप जास्त चांगला होता. शरदचाही पंजा तिथे होता. सगळ्यात जुने पंजे अगदी पुसट झालेले, आणि त्यांतला एक तीनच बोटांचा.

गेल्या वर्षी इमारत विकली गेली. रोटरी त्याच्या कितीतरी आधीच शहराबाहेरच्या प्लांटला गेली होती. तिला बाहेर काढताना भिंत फोडावी लागली, तेव्हा संस्थापकांची गोष्ट खरी असल्याचं पटलं. आता उरलेलं ऑफिस बाणेरला काचेच्या बिल्डिंगमध्ये जाणार होतं. निरोपाची पुरवणी काढायचं ठरलं आणि इमारतीचा इतिहास लिहायला मला बोलावलं. मी फुकट लिहीन याची त्यांना खात्री होती.

लिहिलं मी, मनापासून लिहिलं. फक्त तो तीन बोटांचा पंजा कोणाचा ते काही सापडेना. "हात!" त्याच्यामुळेच सुरू झालं असणार, हे कोणालाही समजेल. पण माणसाचं नाव नको का? बाळासाहेबांना फोन केला. ते शरदच्या आधीचे फोरमन, आता ऐंशीच्या घरात.

"वहिनी, मी कामाला लागलो तेव्हापण तो पंजा तिथंच होता," ते म्हणाले. "मी आमच्या फोरमनला विचारलं होतं, हा कोणाचा म्हणून."

"मग? काय म्हणाले ते?"

"म्हणाले, तुला काय करायचंय? काम कर."

शेवटी "नाव उपलब्ध नाही" असं लिहिलं. मला ते तीन शब्दांत सहा चुका असल्यासारखं टोचत होतं.

ऑफिस हलवण्याच्या आदल्या आठवड्यात जुन्या लोकांचा निरोप समारंभ ठेवला. दुपारी चारला, पहिल्या मजल्यावरच्या संपादकीय हॉलमध्ये. केदारने सुट्टी काढून मला गाडीने आणलं. पार्किंग मिळालं नाही म्हणून नदीकाठी गाडी लावून चालत आलो, ते वेगळं. जिना चढताना गुडघ्यांनी आपलं मत मांडलं. तळघराचा जिना त्याहून अरुंद आणि उभा. तो उतरणं मला शक्यच नव्हतं.

आणि मला तर तिथलंच काहीतरी हवं होतं. घरात शरदचे फोटो पुष्कळ आहेत. सगळ्यांत तो कुठल्या ना कुठल्या लग्नात जेवतोय. पण तो हात... ती भिंत महिन्याभरात पडणार होती. मला त्या पंजाचा फोटो हवा होता, बाकी काही नको होतं. म्हणून मी केदारला म्हटलं, "खाली जाऊन तेवढा फोटो काढून आण."

"आई, अगं तिथे पन्नास हात असतील. बाबांचा कुठला ते मला कसं कळणार?"

"वरच्या रांगेत, डाव्या टोकाला. करंगळी वाकडी आहे बघ. तुझी आहे तश्शी."

त्याने स्वतःची करंगळी पाहिली, मान हलवली आणि खाली गेला. मी वर चढले. मीच पाठवलं त्याला, हे लक्षात ठेवा. मी तर विसरू शकत नाही.

हॉलमध्ये अर्धे आम्ही म्हातारे आणि अर्धी आत्ताची तरुण मंडळी. बटाटेवडे होते, चहा होता. चहा कागदी कपात आणलेला पाहून आमच्यातल्या दोघांनी इतकी तोंडं वाकडी केली की शेवटी कँटीनमधून कपबशा आल्या. मधल्या टेबलावर जुन्या वस्तू मांडल्या होत्या. शिशाचे खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एक टाइपरायटर, आणि झेंडूचा हार घालून ती बेल. तळघरातली. पितळेची वाटी चिंचेने घासून लख्ख केलेली, मागे लाकडी फळी, आणि फळीतून बाहेर आलेल्या दोन कापलेल्या वायरी. ती बेल आधीच्याच आठवड्यात भिंतीवरून उतरवली होती. आल्याआल्या मी तिला हात लावून पाहिलं होतं, म्हणून नक्की सांगते.

डिजिटल विभागातली ऋचा नावाची मुलगी मोबाइल स्टँडवर लावून सगळ्याचा व्हिडिओ घेत होती. बाळासाहेब माइक घेऊन उभे होते. पुरात यंत्र कसं धुतलं ते सांगत होते, जे त्यांच्या नोकरीच्या आधीचं आहे, पण त्यांना अडवणार कोण? मी कप बशीत ठेवून दुसरा वडा घ्यावा की नाही याचा विचार करत होते.

आणि बेल झाली.

खालून. जिन्यातून वर आली, नेहमी यायची तशी, लांबलचक. मी कप उचलला. मनात काही आलं नाही, येणार तरी कशाला? बेल झाली की कप उचलायचा. माझ्या डावीकडे क्रीडा पानाचे देशपांडे सर, त्यांनी उचलला. समोर जाहिरात विभागाच्या कुलकर्णीबाई, त्यांनी उचलला. सगळ्या म्हाताऱ्यांचे कप एकदम वर गेले. बाळासाहेबांच्या हातात कप नव्हता, माइक होता. त्यांनी माइक टेबलावर ठेवला, एक पाऊल मागे घेतलं आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.

ऋचा हसायला लागली. "अय्या, तुम्ही सगळे चीअर्स करताय का?"

तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि मग टेबलावरच्या बेलकडे. कापलेल्या वायरी, झेंडूचा हार... ती आपली जागेवर गप्प होती. कुलकर्णीबाई "अगंबाई" एवढंच म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत खालून प्रचंड आवाज आला. धडाम! अख्खी इमारत हादरली, अगदी रोटरी सुरू झाल्यासारखी. तरुण मंडळींचे कप टेबलावर होते, सगळे बशांत हिंदकळले, ऋचाच्या कुर्त्यावर चहा उडाला. आमच्या हातातल्या कपांमधला एक थेंब सांडला नाही.

"केदार खाली आहे," मी म्हणाले. कोणाला म्हणाले माहीत नाही. ज्या गुडघ्यांनी मला जिना चढताना छळलं होतं त्यांनी मला तळघरापर्यंत कसं नेलं, तेही माहीत नाही. वाटेत तळमजल्यावर सामान हलवणारी दोन माणसं डोक्याला हात लावून उभी होती, आणि त्यांच्या समोर फरशीत चौकोनी भोक पडलं होतं. त्या भोकातून धूळ वर येत होती. मी आयुष्यात कधी नवस बोलले नाही. त्या जिन्यात मी काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही.

केदार उभा होता. पांढऱ्या धुळीने माखलेला, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर. त्याच्यापुढे हातभर अंतरावर तो लोखंडी पाळणा जमिनीत रुतला होता, आणि पाळण्यावर एक लोखंडी कपाट आडवं पडलेलं.

"केदार, हात खाली घे रे."

"घेतो," तो म्हणाला. पण त्याला घेता येईनात. शेवटी मी आणि देशपांडे सरांनी एकेक हात धरून खाली आणला.

पाळणा का पडला, ते उघड आहे, त्यात अमानवी काही नाही. सामान हलवणाऱ्या माणसांना तो पाळणा आहे हेच माहीत नव्हतं. त्यांना ती फरशी वाटली. जुन्या माणसांपैकी कोणी त्यावर पायसुद्धा ठेवत नसे, पण हे त्यांना सांगणार कोण? आम्ही सगळे वर वडे खात होतो. त्यांनी जुन्या अंकांच्या फायलींनी भरलेलं कपाट ढकलत आणून बरोबर त्यावर उभं केलं. साखळी गंजलेली होती, तुटली.

मला कळत नाही ते पुढचं. केदारला बाहेर पायरीवर बसवून पाणी दिलं, तेव्हा त्याने पहिलं काय विचारलं असेल?

"आई, तू ओरडलीस का गं?"

"मी वर होते. काय ओरडले?"

"हात! म्हणून कोणीतरी ओरडलं. अगदी कानाशी."

त्याने सांगितलं ते असं. फोटो काढला, मग त्याला वाटलं आपला हात बाबांच्या पंजावर ठेवून एक व्हिडिओ घ्यावा, आईला आवडेल. म्हणून मोबाइल लांब खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला, व्हिडिओ सुरू केला आणि पाळण्याखाली जाऊन भिंतीवरच्या पंजावर तळवा टेकवला. करंगळीसकट बरोबर बसला, म्हणाला. तेवढ्यात मागून आवाज आला, "हात!" आणि याने विचार न करता एक पाऊल मागे घेतलं आणि हात वर केले. नाकासमोरून पाळणा खाली गेला.

मी विचारलं. विचारणारच. "बाबांचा आवाज होता का?"

माझ्यासाठी त्याला हो म्हणायचं होतं, ते दिसत होतं.

"नाही गं आई. बाबांचा मी ओळखला असता. हा कोणीतरी दुसराच... म्हातारा. आणि जाम वैतागलेला. जसं काही त्याने मला शंभर वेळा सांगितलंय."

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पोरगा धडधाकट समोर बसला होता आणि मला वाईट वाटत होतं की हाक मारणारा माझा नवरा नव्हता. माणसाचं मन किती कृतघ्न असतं!

आता दोन व्हिडिओ. केदारचा मोबाइल कट्ट्यावर सुखरूप होता. त्यात सगळं दिसतं. केदार भिंतीला हात लावून उभा आहे, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात, आणि मग एकदम कोणी पिस्तूल रोखल्यासारखा तो मागे येतो, हात वर करतो. मग पाळणा. पण त्यात "हात!" नाही. बेलही नाही. केदारने कंपनीतल्या मित्राकडून आवाज साफ करून घेतला, हेडफोन लावून दहादा ऐकला. हॉर्नच जास्त स्पष्ट झाले.

दुसरा ऋचाचा. त्यात बाळासाहेबांचं भाषण चाललंय, आणि ऐन वाक्यात ते थांबतात. बेल नाहीच. काही म्हणजे काही आवाज नाही. आणि त्या शांततेत सगळे म्हातारे एकदम कप उचलतात. तरुण मुलं आमच्याकडे बघतायत. मी ऋचाला विचारलं, तिच्या बरोबरच्या सगळ्यांना विचारलं. एकालाही बेल ऐकू आली नव्हती. त्या यंत्राबरोबर काम केलेल्या प्रत्येकाला आली होती. दोन्ही व्हिडिओंवरची वेळ जुळते. आमचे कप आणि केदारचे हात एकाच वेळी वर गेले आहेत.

माझा भाचा मानसोपचारतज्ज्ञ आहे. तो म्हणाला, मावशी, जुनी जागा, जुनी माणसं, समोर बेल ठेवलेली... समूहाला भास होतात. म्हटलं, होत असतील. पण केदार आमच्या समूहात नव्हता ना? तो एक मजला नाही, दोन मजले खाली होता. यावर भाचा "इंटरेस्टिंग" म्हणाला. डॉक्टर इंटरेस्टिंग म्हणाला की समजावं, त्यालाही माहीत नाही. केदारचं स्वतःचं म्हणणं असं, की तुटण्याआधी साखळी करकरली असेल, ती त्याच्या कानाने टिपली असेल आणि डोक्याने तिचं "हात!" केलं असेल. पटण्यासारखं आहे. मला पटतंसुद्धा, कप आठवेपर्यंत.

नंतर बाळासाहेबांना मी पुन्हा फोन केला. म्हटलं, तुम्हाला नुसती बेल ऐकू आली, की त्यानंतर आणखी काही?

"बेल झाली, मग हात! झालं," ते म्हणाले. "त्याशिवाय मी हात कशाला वर करीन, वहिनी? मला काय वेड लागलंय?"

"आवाज कोणाचा होता?"

"आमच्या कोणाचा नव्हता." मग म्हणाले, "तुम्ही नका जास्त विचार करू. काम करा."

मी हे सगळं पुरवणीच्या लेखात शेवटी घातलं होतं, एका परिच्छेदात. तो काढला. नव्या संपादकांनी मला नम्रपणे समजावलं की काकू, पुरवणी बिल्डरच्या जाहिरातीवर निघते आहे. मुद्दा बरोबर होता. एका शब्दालाही मी हात लावू दिला नाही ते फक्त तीन बोटांच्या पंजाच्या वाक्याला. "नाव उपलब्ध नाही" हे काढून मी तिथे लिहिलं, "त्यांचे आमच्यावर उपकार आहेत." संपादकांना वाटलं, म्हातारी बाई भावुक झालीय. ठेवलं त्यांनी.

भिंत आता नाही. मागच्या महिन्यात त्या बाजूने गेले तर पत्रे लावलेले होते आणि आत पोकलेन चालू होतं. फोटो आहे माझ्याकडे, शरदच्या पंजाचा. आणि तो व्हिडिओही आहे, त्याच्यावर केदारचा पंजा बसतो तो. दोन्ही करंगळ्या वाकड्या.

कोणी ओरडलं, मला सांगता येत नाही. आणि ते आमच्याच कानांना का ऐकू आलं, तेही नाही. मी चुका शोधण्यात आयुष्य घालवलं, या गोष्टीतली चूक मला सापडलेली नाही. कोणाला सापडली तर जरूर कळवा, मी रागावणार नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो. केदार कपड्यांवरच्या धुळीसकट तसाच जेवायच्या टेबलाशी जाऊन बसला, दिवसभर उपाशी होता. मी पोळ्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तिथेच थबकले. शरद उभा राहायचा त्याच जागी. तोंडातून कसं निघालं माहीत नाही.

"हात!"

केदार उठला. एक पाऊल मागे गेला आणि त्याने दोन्ही हात वर केले. मी पाहिले. एक... आणि दुसरा. दोन्ही होते. दोन्ही चुन्याने, मातीने बरबटलेले, नखांत काळं साचलेलं.

आमच्या घरात पहिल्यांदाच मी न धुतलेल्या हातांना पोळी वाढली.